नीटसाठी पुस्तके किती? ‘भरपूर साहित्य, चौदा तास’ या सल्ल्याला उत्तर

मांजराकाठ (लातूर):
काल येथे एका गृहस्थांनी पालकांना सल्ला दिला की, तीन क्लासच्या नोट्स, दोन टेस्ट सिरीज आणि रोजचा चौदा तासांचा अभ्यास एवढी तयारी नसेल, तर मुलांनी नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या, वाटेला जाऊच नये. मी गप्प बसणार होतो. परंतु भाचीच्या खोलीवर जाऊन आल्यावर राहवले नाही. तिच्या कॉटखाली नोट्सचे अकरा संच निघाले, आणि त्यांतल्या सातांवर नावाखेरीज पेनाची एक रेघही नव्हती. झेरॉक्स काढली की अभ्यास झाल्याचे समाधान या मुलांना मिळते. त्यातही कहर असा की, २०२४ पासून नीटच्या अभ्यासक्रमातून वगळलेली ‘पचन आणि शोषण’, ‘वनस्पतींमधील वहन’, ‘घनावस्था’ ही प्रकरणे त्या गठ्ठ्यांत जशीच्या तशी होती, आणि बाईसाहेबांनी अख्खी दिवाळी घनावस्थेत घालवली होती.

७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे आहेत, आणि त्यासाठी एनसीईआरटीची, म्हणजे सीबीएसईच्या शाळांत चालणारी, अकरावी-बारावीची पुस्तके पाच-सहा वेळा वाचण्याला पर्याय नाही. त्यांच्या जोडीला प्रश्नांचे एक पुस्तक आणि एक चूकवही असावी. तीन तासांची चाचणी दिली, तर तिच्या चुका तपासायला त्याहून अधिक वेळ द्यावा आणि प्रत्येक चुकीपुढे कारण लिहावे: मुळात ठाऊकच नव्हते, वाचताना ‘अयोग्य’ हा शब्द नजरेतून निसटला, की आकडेमोडीत घसरलो. शिवाय पेपर दुपारी दोन ते पाच असतो, आणि आमची मुले रात्री दोनपर्यंत जागून नेमकी पेपरच्या वेळी झोपतात. चौदा तास मोजणाऱ्यांनी निदान घड्याळाकडे तरी पाहावे.

एका मुलीचा बाप (परभणी):
आपले लिखाण सुरेख आहे. परंतु ज्याच्या घरात कोणी शिकलेला मामा आहे, त्यालाच असले शहाणपण परवडते. मुलीची दोन वर्षांची फी, खोली आणि डबा यांत माझे सोयाबीनचे दोन हंगाम गेले. कोणत्या नोट्स चांगल्या हे मला कळत नाही, म्हणून जो जे सांगेल ते मी घेतो. उद्या निकाल लागल्यावर ‘तेवढे एक पुस्तक घेऊन दिले असते तर’ असे मुलीने म्हणू नये, एवढ्यासाठी मी पैसे मोजतो. आपण त्याला हौस समजलात, याचे वाईट वाटले.

फळा-खडू (नांदेड):
मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. मांजराकाठ यांनी आधी भाचीची माफी मागावी. घनावस्था नीटमधून गेली असली, तरी राज्य मंडळाच्या बारावी रसायनशास्त्राच्या पुस्तकातले ते पहिलेच प्रकरण आहे. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांत ठरलेले किमान गुण नसतील, तर नीटचे गुण लोणच्यासारखे बरणीत भरून ठेवावे लागतात. म्हणजे आमच्या मुलांना दोन अभ्यासक्रम एकाच वेळी ओढावे लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडळाची परीक्षा आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नीट. ‘एकच पुस्तक’ ही घोषणा सीबीएसईच्या मुलांसाठी ठीक आहे.

चूकवहीबद्दल मात्र आपल्याशी सहमत आहे, नाइलाजाने. २०२५ पासून नीटमधले पर्यायी प्रश्न गेले, पेपरच्या २०० मिनिटांची १८० झाली, आणि त्या वर्षीच्या भौतिकशास्त्राने भल्याभल्यांना रडवले. जीवशास्त्राचे ९० प्रश्न पाऊण तासात उरकून भौतिकशास्त्रासाठी सव्वा तास राखण्याची सवय जानेवारीपासून लागली नाही, तर एप्रिलमध्ये ती लागत नाही.

झेडपीची शाळा (हिंगोली):
आपण सर्व जण एक गोष्ट गृहीत धरून बोलत आहात, ती म्हणजे मुलांना एनसीईआरटी वाचता येते. ते पुस्तक मराठीत नाही. मी दहावीपर्यंत ज्याला तंतुकणिका म्हणत होतो, तिचे अकरावीत एका रात्रीत मायटोकॉन्ड्रिया झाले. पहिले सहा महिने मी जीवशास्त्र नव्हे, इंग्रजी शिकत होतो. शेजारचा मुलगा एका तासात जे पान वाचून मिटवत असे, त्याला मला तीन तास लागत. तेव्हा मराठीतून समजावणाऱ्या एका झेरॉक्स संचाने मला तारले, आणि म्हणून झेरॉक्सची टिंगल मला सहन होत नाही.

फळा-खडू (नांदेड):
पालकांनी वेळीच सेमी-इंग्रजी निवडले असते, तर हा प्रश्नच आला नसता.

झेडपीची शाळा (हिंगोली):
सर, आमच्या गावात सेमीचा वर्गच नव्हता; तो असल्यासारखे बोलू नये. नीटचा पेपर मराठीतूनही मिळतो, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु भाषांतरात शंका आली, तर इंग्रजी मजकूरच अंतिम धरतात. म्हणजे इंग्रजी येणाऱ्यालाच मराठी पेपरचा भरवसा. वर्गात आपण ‘हे तर दहावीत झाले आहे’ म्हणून पुढे गेलात, तेव्हा मागच्या बाकावर काय होत होते, हे आपल्याला कधी दिसले का?

फळा-खडू (नांदेड):
माझ्या वर्गात आपण कधी बसला नाहीत, तेव्हा तेथे काय होते ते आपल्याला ठाऊक नाही. मी वीस वर्षे मराठीत समजावून इंग्रजीत लिहून देतो, आणि सेमीची मुलेसुद्धा तेच मागतात, हेही मान्य करतो. सेमीबद्दलचे वाक्य मात्र मागे घेतो. ते घाईने लिहिले.

एका मुलीचा बाप (परभणी):
दोघांचे भांडण संपले असेल, तर मला एवढेच सांगावे की, मुलीजवळ आत्ता जे नऊ संच आहेत, त्यांतले कोणते ठेवायचे.

झेडपीची शाळा (हिंगोली):
काका, ते तिलाच विचारावे. ज्यात तिच्या हाताने समासात काही लिहिलेले असेल, ते ठेवावेत. एनसीईआरटी आणि मंडळाचे रसायनशास्त्र यांना हात लावू नये.

मांजराकाठ (लातूर):
घनावस्थेबाबत मी हरलो आणि भाचीची रीतसर माफी मागितली. ‘मंडळाची परीक्षा तुम्ही देणार होतात का, मामा?’ असे तिने विचारले. मराठी संचाचा मुद्दाही मला सुचायला हवा होता. मी स्वतः इंग्रजी माध्यमातला नव्हतो, तरी विसरलो. सात कोऱ्या संचांबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. त्यांतला एक संच ती पाठकोऱ्या पानांवर आकडेमोड करण्यासाठी ठेवणार आहे. उरलेले सहा रविवारी रद्दीत जातील.

एका मुलीचा बाप (परभणी):
रद्दीत घालण्याआधी मला कळवावे. लातूरहून परभणीकडे येणारे कोणी असल्यास मी ते मागवून घेईन. घनावस्था असलेला तर नक्कीच.