टॉवर डिफेन्समध्ये एवढी गोष्ट कशाला? ('आर्कनाईट्स'चं स्किप बटण)

तापीकाठ (धागा सुरू)

आधी गेम माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. 'आर्कनाईट्स' हा हायपरग्रिफचा चिनी मोबाईल गेम. चीनमध्ये २०१९ला आला, बाकी जगात जानेवारी २०२०ला. टॉवर डिफेन्सच, म्हणजे बुरूज उभारून शत्रू अडवायचा खेळ, पण इथे बुरुजांच्या जागी माणसं. लाल चौकटीतून शत्रू निघतो, निळ्या चौकटीत शिरला की आपलं नुकसान. मधल्या वाटेवर एकेक गडी उभा करायचा. कोणी एकालाच अडवतो, ढालवाला तिघांना. तिरंदाज उंचवट्यावर. गडी उतरवायला पॉइंट लागतात, ते साधारण सेकंदाला एक जमतात, म्हणून सुरुवातीला हात आखडताच असतो. गडी ठेवताना तोंड कुठे हेही ठरवावं लागतं. एकदा चुकलं की तो भिंतीकडे बघत उभा राहतो आणि शत्रू पाठीमागून निघून जातो.

इथपर्यंत झकास. माझी तक्रार पुढची. प्रत्येक लढाईच्या आधी गप्पा, नंतर गप्पा. दोन चित्रं समोरासमोर उभी आणि खाली मजकूर सरकतोय. तोही इंग्रजीत, आणि इंग्रजी असं की एक वाक्य तीनदा वाचावं लागतं. आमच्याकडे मोटारीला लाईट रात्री येते. बाराला उठून केळीला पाणी सोडायचं आणि वाफा भरेपर्यंत बांधावर बसायचं, तेवढाच माझा खेळायचा वेळ. त्यातला अर्धा वेळ कोण कोणाला 'तुला वेदना कळत नाहीत' म्हणतंय ते वाचण्यात जातो.

२०११चा 'किंगडम रश' घ्या. दोन ओळींत राजा संकटात, चला कामाला लागा. लोकांनी डोक्यावर घेतला. टॉवर डिफेन्सला याहून जास्त गोष्ट लागत नाही, असं माझं मत. शिव्या खायला तयार आहे.

लोको_नाईट

शिव्या नाही, पण चुकताय दादा.

गेम आवडला असं जे सांगतात ते चित्रं, संगीत आणि डावपेचांबद्दल बोलतात. ज्यांनी सोडला त्यातले निम्मे 'फार बडबड' म्हणून सोडतात. दोन्ही खरं आहे. पण ती बडबड काढली तर उरतं काय? चौकटी आणि आकडे.

तिसऱ्या भागातली मिशा आठवा. ओरिजिनियम नावाच्या दगडामुळे होणारा आजार, अंगावर खडे उगवतात, बरा होत नाही. ज्याला झाला त्याला गावाबाहेर काढायचं. मिशा अशीच एक बाधित पोर. तिचा भाऊ समोरच्या टोळीत, तोंडावर मुखवटा. भाऊ गेल्यावर तोच मुखवटा ती चढवते, लढायला उतरते आणि आपल्याच बाजूच्या हातून मरते. मैदानावर दिसतो तो फक्त मुखवटा. आत कोण आहे हे गप्पांना स्किप मारणाऱ्याला कळतच नाही. तुम्ही बांधावर बसून एक पोरगी मारली आणि पुढच्या पातळीवर गेलात.

आणि हा गेम बाहेर आला जानेवारी २०२०ला. दोन-तीन महिन्यांत आपल्या गल्लीत पत्रे ठोकले, बाधिताच्या घरासमोरून लोक तोंड फिरवून जायचे. मी तेव्हाच भुसावळला रूमवर अडकून खेळत होतो. माझ्यासाठी ती बडबड नव्हती.

तापीकाठ

मिशाचं मला खरंच माहीत नव्हतं. बरं. पण हा माझ्याच बाजूचा मुद्दा झाला ना? एवढी मोठी गोष्ट, आणि ती खेळात दिसत नाही, खेळाबाहेर वाचावी लागते. गोष्ट मैदानावर सांगा की! तोंडाने काय सांगता?

भरीतभाकर

काय सांगस भो! गेम खेळाना का परीक्षा देवानी?

शिरपूरकर

जरा आडवाटेने येतो, राग नसावा.

आमच्या तालुक्यात तापीच्या काठी थाळनेरचा किल्ला आहे, आता नुसते अवशेष. १८१८च्या जानेवारीत होळकरांचा इंग्रजांशी मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, थाळनेरही गेलं. फेब्रुवारीत सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन आला तर किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. तोफा चालल्या. शेवटी दरवाज्यात बोलाचाली, घोळ, आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले, मग आतली शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिलं. त्या फाशीवरून विलायतेतसुद्धा वाद झाला.

आता यातला टॉवर डिफेन्स किती? एक तट, काही तोफा, एक दरवाजा. पाच मिनिटांची पातळी. पण तह झालेला असताना तो माणूस का अडला, दरवाज्यात नेमकं काय बिनसलं, हे कळल्याशिवाय त्या दगडांकडे बघून काही वाटत नाही. मी लहानपणी तिथे नुसता बोरं खायला जायचो. नंतर मास्तरांनी हे सांगितलं, तेव्हापासून दरवाज्याच्या जागी पाय थबकतो.

म्हणून मी वाचतो. सगळं नाही, पण वाचतो.

बोदवड_एक्स्प्रेस

शिरपूरकर, लिहिलंय छान, पण तुमच्या मास्तरांनी ते दहा मिनिटांत सांगितलं असणार. 'आर्कनाईट्स'च्या लेखकाला दिलं असतं तर हिस्लॉपच नर्मदा ओलांडायच्या आधी दोन तास स्वतःशी बोलत बसला असता.

माझा प्रश्न वेगळा आहे. गोष्टीचं कौतुक करताना लॉटरीचं, म्हणजे नवे गडी नशिबाने काढायच्या पद्धतीचं, कोणी बोलत नाही. सहा तारेवाला गडी निघायची शक्यता शंभरात दोन. पन्नास वेळा नाही निघाला तर पुढे प्रत्येक वेळी दोन-दोन टक्के वाढते. ही लांबलचक गोष्ट त्या पात्रावर जीव जडावा म्हणूनच आहे, आणि जीव जडला की खिसा सैल होतो. रडवायचं आणि मग विकायचं. माझ्या धाकट्या भावाने मेसचे पैसे यात घातले आणि महिनाभर पोह्यांवर काढला. घरी अजून माहीत नाही.

लोको_नाईट

लॉटरी वाईट आहेच, त्यावर वाद नाही. पण तीन-चार तारेवाल्या गड्यांवर अख्खे भाग पार करणारे लोक आहेत. मी एक रुपया घातलेला नाही. आणि समोरच्या टोळीतली फ्रॉस्टनोव्हा तर सहाव्या भागात मरते, तिच्यावर जीव जडवून कंपनीने त्या वेळी काय विकलं?

तापीकाठ

हां, फ्रॉस्टनोव्हा! हेच तर मला म्हणायचं होतं.

तिथे मी स्किप मारलं नाही, कारण गरजच पडली नाही. बाई मैदानात आली की थंडीनेच आपले गडी संथ होतात, आणखी झोंबली की गोठून उभे. पाडली, हुश्श केलं, तर परत उठली. तेव्हाच कळलं की हिला जगायचं नाहीये आणि हटायचंही नाहीये. सातव्या भागात तिला लेकीसारखं वाढवणारा पेट्रियट येतो. तो धावत नाही, ओरडत नाही, नुसता चालत येतो, आणि पाडला तर तोही उठतो. मजकूर एक ओळ वाचला नसता तरी बाप-लेक एकाच मातीचे हे समजलं असतं. असं सांगा, मी रात्रभर खेळतो.

लोको_नाईट

आणि गोळी? ती आणि डॉक्टर (म्हणजे गेममधले आपण) ढिगाऱ्याखाली अडकतात तेव्हा ती त्याला खायला गोळी देते. गोड समजून तोंडात टाकावी तर तिखट. तिचं अंग इतकं थंड की तिला तेवढंच जाणवतं. ही गोळी तुम्ही मैदानावर कुठल्या चौकटीत ठेवणार?

तापीकाठ

...ही वाचली नव्हती.

भरीतभाकर

तिखट गोळी म्हंजे पोरगी खान्देशनी शे. 😄

चाळीसगाव_जंक्शन

मधला रस्ता: 'थर्टीन सेंटिनल्स' हा गेम. जपानमध्ये २०१९ला आला, स्विचवर २०२२ला. त्यात गोष्टीचा विभाग वेगळा आणि शहर राखण्याची लढाई वेगळी, पाहिजे तेव्हा पाहिजे ते उघडा. मात्र एकीकडे फार पुढे पळालात तर दुसरीकडे कुलूप लागतं. तिथे तक्रार उलटी आली. गोष्टीला सगळे टाळ्या वाजवतात, आणि लढाईबद्दल म्हणतात की पडद्यावर नुसते ठिपके चमकतात. म्हणजे वेगळं केलं तरी बोंब, एकत्र केलं तरी बोंब.

शिरपूरकर

तापीकाठ, मिशाचा भाग पुन्हा उघडून वाचणार का मग?

तापीकाठ

बघू. आज आमच्या फीडरला रात्री दहाची लाईट आहे, वाफे भरायला तीन तास लागतील. पण लोको_नाईट, इंग्रजी अडलं तर फोटो टाकतो, मराठीत सांगायचं तुम्ही.

लोको_नाईट

टाका. ड्युटी सहापर्यंत आहे.