मदत हवी आहे: ‘नाहीतर’ नेमकं कुठल्या ‘जर’चं?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा, कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट म्हणून शाळेतल्या पोरांसाठी मराठी शब्दांची छोटी प्रोग्रामिंग भाषा करतोय. पार्सर (लिहिलेला प्रोग्राम व्याकरणाप्रमाणे वाचणारा भाग) बायसनमध्ये लिहिलाय; बायसन म्हणजे व्याकरणाच्या नियमांवरून पार्सर बनवून देणारं साधन. घोडं अडलंय ते या दोन नियमांपाशी:

विधान : जर अट तर विधान
विधान : जर अट तर विधान नाहीतर विधान

बायसन सांगतं, १ शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एका जागी पुढचा शब्द चालू विधानात घ्यायचा (शिफ्ट) की ते विधान तिथेच पूर्ण करायचं (रिड्यूस), हे ठरत नाही. प्रोग्राम चालत होता म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. मग वडिलांसाठी पेरणीचा प्रोग्राम लिहिला (७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं आमचं कृषी विद्यापीठ सांगतं):

जर पाऊस >= ७५ तर
    जर बीजप्रक्रिया = झाली तर छापा "पेरा"
नाहीतर छापा "थांबा"

पाऊस ४० टाकला. पडद्यावर काहीच नाही. वडील म्हणाले, "ह्ये तर काहीच बोलंना."

कारण कळलं. अशा पेचात बायसन शिफ्ट करतं, त्यामुळे ‘नाहीतर’ आतल्या ‘जर’ला जाऊन चिकटलं. मी ओळ कितीही बाहेर काढून लिहिली तरी पार्सरला मोकळ्या जागेशी देणंघेणं नाही. विधानांचे ‘पूर्ण’ (प्रत्येक ‘जर’ला ‘नाहीतर’ असलेली) आणि ‘अपूर्ण’ (एखादा ‘जर’ ‘नाहीतर’शिवाय राहिलेली) असे दोन गट पाडून पाहिले. कॉन्फ्लिक्ट गेला, अर्थ मात्र तोच राहिला. सी भाषेतही ‘एल्स’ जवळच्याच ‘इफ’चं असतं, पण आठवीतल्या पोराला हे कुणी सांगायचं?

अल्गोल ६८ या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहे तसा ‘जर’ कुठे संपतो हे सांगणारा शेवटचा शब्द सक्तीचा करावा का? ‘संपले’ ठेवून पाहिलं, तर चार अटींच्या साखळीत शेवटी चार वेळा ‘संपले’ लिहावं लागतंय.

उत्तर:
भाऊ, ‘संपले’ सक्तीचंच ठेव. व्याकरणच निःसंदिग्ध असलं की कुणाला नियम पाठ करावा लागत नाही. साखळीसाठी ‘नाहीतरजर’ असा एकच जोडशब्द घे. पायथॉनमधलं ‘एलिफ’, अडा भाषेतलं ‘एल्सिफ’ हे याच कामाचे शब्द. खालच्या नियमांत ‘यादी’ म्हणजे एकामागोमागची विधानं.

विधान : जर अट तर यादी शेपूट संपले
शेपूट : रिकामे
शेपूट : नाहीतर यादी
शेपूट : नाहीतरजर अट तर यादी शेपूट

साखळी कितीही लांबली तरी ‘संपले’ एकदाच. ‘नाहीतर’ आणि ‘जर’ सुटे ठेवून हे करायला जाशील, तर तो नवीन ‘जर’ साखळीतला की आतला, हा पेच पुन्हा येईल.

धागाकर्ता:
दादा, खूप आभार. कॉन्फ्लिक्ट शून्य झाला. आतल्या ‘जर’पुढे ‘संपले’ टाकलं आणि ४० ला "थांबा" आलं. आता एकच अडचण आहे. पोरं एखादं ‘संपले’ विसरली की बायसन चूक थेट फाइलच्या शेवटी दाखवतं. ती मूळ ‘जर’च्या ओळीवर कशी दाखवायची?