आधी डिमर बघा

हॅलोजन काढून एलईडी स्पॉट लावले आणि उजेड कमी केला की ते लुकलुकतात, या तक्रारीवर बहुतेकांनी बल्बची कंपनी बदलायला सांगितलंय. मला तरी घोळ डिमरचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाचा, वाटतो. जुन्या डिमरवर कमाल लोडसोबत (लोड म्हणजे जोडलेल्या दिव्यांचे एकूण वॅट) किमान लोडही छापलेला असतो, बरेचदा ४० किंवा ६० वॅट. ५० वॅटचे सहा हॅलोजन म्हणजे ३०० वॅट, डिमर खूश. त्याच जागी ५ वॅटचे सहा एलईडी म्हणजे जेमतेम ३०. मग लुकलुक आणि गुणगुण आलीच. एलईडीसाठीचा ट्रेलिंग एज डिमर बसवून घ्या (वायरमनकडूनच). आणि हो, एकच एलईडी लावून बघाल तर सगळं झकास चालेल, कारण लोड उरलेले पाच हॅलोजन पुरवतात! त्या चाचणीवर विसंबू नका.

खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेलं नसेल तर तो बल्ब डिमरवर नकोच. १२ व्होल्टचे एमआर१६ (दोन बारीक पिनांचे स्पॉट) असतील तर ट्रान्सफॉर्मरही तपासावा लागेल, थेट घरच्या विजेवर चालणाऱ्या जीयू१० स्पॉटला ती कटकट नाही.

रंगाचं कुणी बोललंच नाही. हॅलोजन मंद केला की उबदार पिवळा होत जातो. साधा २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा) एलईडी मंद झाला तरी रंग तोच, त्यामुळे खोली मळकट दिसते. 'डिम टू वॉर्म' प्रकारचा बल्ब मात्र २००० केल्विनच्या आसपास उतरतो. थोडा महाग पडतो, पण जेवणाच्या टेबलावर मी तोच लावेन.