तुमचा विश्वास कशाने सुटला? (अनुभव धागा)

देव आहे की नाही यावरचे धागे शंभरीपार गेले की कोण कोणाशी भांडतंय तेच कळेनासं होतं. इथे वाद नको. तुमचा विश्वास नेमका कशाने ढळला, एवढंच लिहा. 'विज्ञानाने डोळे उघडले' अशी एका ओळीत बोळवण करू नका. आस्तिकांचंही स्वागत, उपदेश सोडून.

सुरुवात मीच करतो. २१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितोय म्हणून आमची अख्खी आळी देवळात. मीही रांगेत. सोंडेला चमचा टेकवला, थोडा कलता केला की दूध खरंच कमी व्हायचं. पण पाठीमागच्या मोरीतून पांढरं पाणी वाहत होतं, तिकडे कोणी बघेना. संध्याकाळी बाबांनी स्वयंपाकघरातला वरवंटा ओला करून उभा केला आणि त्याला चमचा लावला. तोही प्यायला! पृष्ठताणाने दूध दगडाकडे ओढलं जातं आणि पातळ थर होऊन खाली ओघळतं. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून हेच दाखवलं होतं. आजी मात्र म्हणाली, "मग वरवंट्यातही आहेच की तो." यावर बाबा गप्प, आणि मलाही अजून उत्तर सुचलेलं नाही.

रानजाई
आमच्या मोठ्या आईच्या डोक्यात जट होती. आमचा भाग सीमेवरचा, सौंदत्तीच्या यल्लम्माला मानणारा. जट आली म्हणजे देवीचं बोलावणं. तिला कंगवा नाही, कात्री तर नाहीच. भंडारा लावून जपायची. कमरेपर्यंत आलेला तो जड दोर रात्री उशाला वेगळा ठेवावा लागे, कूस बदलता येत नसे. मान दुखायची, आत उवा, पावसाळ्यात कुबट वास. अंधश्रद्धा निर्मूलनवाल्या एक ताई घरी यायच्या, चहा घेऊन जायच्या, विषय काढायच्या. आजोबा त्यांना "या" म्हणायचे, पण बसा म्हणायचे नाहीत.

शेवटी मोठी आईच म्हणाली, काढा. घरातलं कोणी कात्रीला हात लावेना. ताई म्हणाल्या, "कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे." कात्री त्या गठ्ठ्यात शिरेना, थोडं थोडं कुरतडत कापावं लागलं. आतून भंडाऱ्याच्या वाळलेल्या खपल्या पडत होत्या. झाल्यावर मोठी आईने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, परत डावीकडे. मग न्हाणीत गेली ती बराच वेळ बाहेरच येईना.

पुढच्या पौर्णिमेपर्यंत घर जीव मुठीत धरून होतं. म्हैस नीट व्यायली. कोणाला साधा तापही आला नाही. मोठी आई अजून डोंगरावर जाते, अंबाडा घालून. माझं जाणं सुटलं.

पंचांगवाले
मी हौसेने कुंडल्या मांडायचो. २००८ साली जयंत नारळीकरांनी पुण्यात घेतलेली चाचणी आठवते का? २०० मुलांच्या कुंडल्या, निम्मी हुशार, निम्मी मतिमंद. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. बरोबर उत्तरं सरासरी ४६ टक्के. नाणेफेकीने ५० आली असती. आमचे गुरुजी म्हणाले, जन्मवेळा चुकल्या असतील. असतील. पण मग ग्राहकांच्या वेळा कोण तपासतं? मी माझी जुनी वही काढली. बरोबर आलेली भाकितं लाल शाईने अधोरेखित, चुकलेल्यांवर मी परत नजरही टाकली नव्हती. अजून लोक पत्रिका जुळवायला येतात. मी थॅलेसेमियाची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी दोघांनी करून घ्या म्हणतो. काही जण रागावून जातात.

गौरीची लेक
गौरी-गणपतीत 'अडचण' नको म्हणून शाळेत असतानाच पाळी लांबवायची गोळी हातावर ठेवली. उलट्या झाल्या. बाईला घडवलं त्यानेच ना? मग त्याला कसला विटाळ? एवढंच.

चिपळूणकर
आमच्यात हे बोलणं सोपं नाही, म्हणून नाव लपवून. फुफीला (आत्याला) तोंडी तलाक मिळाला, चार माणसांसमोर, जेवणाच्या आधी. जेवण मग झालंच, वाया कशाला घालवायचं! समाजसुधारक हमीद दलवाई आमच्याच तालुक्याचे, पण घरात त्यांचं नाव शिवीसारखं यायचं. १९६६ साली त्यांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध सात बायकांचा मोर्चा काढला होता, आणि १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, हे मला कॉलेजात कळलं. अल्लाशी माझं भांडण नाही. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांवरचा विश्वास उडाला, आणि मग पुढचंही सैल होत गेलं.

धागाकर्ता
वाचतोय. एक निरीक्षण: देवाने ऐकलं नाही म्हणून रुसलेले अजून कोणी आले नाहीत. माझ्या मते तो राग असतो, नास्तिकपणा नव्हे. रागवायला समोर कोणीतरी लागतं.

रानजाई
असहमत. रागातूनच प्रश्न पडायला लागतात हो. सगळ्यांच्या घरी वरवंटा लावून दाखवणारे बाबा नसतात.

न्यू जर्सीचा बंड्या
माझं काहीच घडलं नाही. देऊळ लांब, पार्किंग मिळत नाही, हळूहळू सवय सुटली. एक दिवस लक्षात आलं की काही अडत नाहीये. बायको याला आळस म्हणते.

अर्धवट
मी कॉलेजपासून पक्का नास्तिक. आई आयसीयूत होती तेव्हा लिफ्टमध्ये उभा राहून गावच्या भैरोबाला पाच नारळ बोलून गेलो. आई बरी झाली. अँटिबायोटिकने झाली, मला ठाऊक आहे. नवस फेडला का म्हणून विचाराल, तर हो. चुकून तिच्यापाशी बोललो, मग तिने समोर उभं राहून फेडून घेतला, वर म्हणाली, "अकरा बोलायचे होतेस, मी काय पाचाचीच का?"