मदत हवी आहे: डोळ्यांत थेंब घातल्यावर फोन कसा वापरायचा?

नमस्कार मंडळी. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण तपासण्यांचा दिवस आला की नोकरीपेक्षा जास्त धावपळ होते. येत्या मंगळवारी उपाशीपोटी साखर, जेवणानंतर 2 तासांनी पुन्हा रक्त, आणि मधल्या वेळेत रेटिनाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी. मधुमेह आहे, त्यामुळे ती वर्षातून एकदा करावीच लागते.

बाहुली मोठी करायचे थेंब घातले की पुढचे 4-6 तास जवळचं सगळं धूसर. उन्हात डोळे उघडवत नाहीत. गाडी चालवायचा प्रश्नच नाही. मागच्या खेपेला तशाच डोळ्यांनी बँकेत गेलो आणि भलत्याच रकान्यात सही करून आलो!

पण खरी अडचण वेगळीच आहे. ऑनलाइन बुद्धिबळ खेळता खेळता एक मित्र जोडला गेला. प्रत्यक्ष कधी भेटलो नाही. तोही माझ्यासारखा एकटाच राहतो. रोज संध्याकाळी 6 वाजता एकमेकांना निरोप टाकायचा, ही आमची हजेरी. मागच्या तपासणीच्या दिवशी माझा निरोप गेला नाही, तर बिचारा रात्रभर जागा राहिला.

बोलून टाइप करणं मला जमतं. आलेलं उत्तर फोनने मोठ्याने वाचून दाखवावं, ही सोय कुठे चालू करतात? फोन अँड्रॉइड आहे. आणि डोळ्यांची तपासणी सगळ्यात शेवटी ठेवलेली बरी का?

‘मुलाला विचारा’ असं कृपया सुचवू नका. त्याने दोनदा दाखवलंय, मी दोन्हीदा विसरलोय.