मुलगी बालवाडीत जायला लागली, तरी कडत पाण्याने आंघोळ होत नाही

आगळवाली, देवगड

नमस्कार मंडळी. आंघोळीबद्दल विचारतेय म्हणून हसू नका. बाळंतपणापासून मला कडत पाणी अंगावर घेता येत नाही. डोक्यावरून घेतलं तर एकवेळ चालतं, पण मांडीवरून खाली ओघळलं की हातपाय गार पडतात, कान बंद होतात आणि मी न्हाणीघरात नसतेच, त्या टेबलावर असते. पौषातसुद्धा विहिरीच्या पाण्यानेच उरकते. शेजारणींना वाटतं मी कसलंतरी व्रत धरलंय.

झालं ते असं. मुलगी व्यवस्थित झाली, वार पडली, पण रक्त थांबेना. पिशवी आवळतच नव्हती. खाजगी हॉस्पिटल, रक्ताची सोय नाही, बाहेर जुलैचा पाऊस. दोघीजणी माझ्या उशाशी उभ्या राहून बोलत होत्या, "ही काय गोव्यापर्यंत टिकत नाय." मी पूर्ण शुद्धीत होते! सगळे माझ्याबद्दल बोलत होते, माझ्याशी कोणीच नाही. मग १०८ आली, गोव्यात बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. गाडीत एकजण माझं पोट दाबून धरून बसलेला आणि मांडीखाली गरम गरम वाहतंय. बांबोळीत पिशवीत फुगा घालून रक्त थांबवलं, रक्ताच्या पिशव्या चढवल्या. त्या लोकांचे उपकार जन्मभर फिटायचे नाहीत.

नंतर तपासणीला गेले तेव्हा दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. गेल्या सात दिवसांत हसू येतं का, रडू येतं का, असलं सगळं. आता मी उदास नाही हो. मुलीवर जीव आहे. आगळ आणि आमसुलं करून विकते, मे महिन्यात मान वर करायला फुरसत नसते. कागदावर मी पास झाले.

पण मुलगी झोपली की अजून तिच्या नाकाशी बोट धरते. ते हॉस्पिटल लागू नये म्हणून बाजारात जाताना मोठा वळसा घालते. तिचा वाढदिवस जुलैत, म्हणजे सगळ्यांना जेवायला बोलवायचं आणि मी आठवडाभर आधीपासून झोपायची नाही. फुगे लावू देत नाही, का ते घरी कोणाला ठाऊक नाही.

सासूबाई वाईट नाहीत, पण त्यांचं एकच, "जीव वाचलो मा? मग आता कित्याक उगाळतंस?" त्यात आता दुसऱ्या मुलाचा विषय सुरू झालाय. नवरा एकदा म्हणाला, डॉक्टरांना दाखवूया, तर आतून आवाज, "आता काय रत्नागिरीक न्हेवची?" (कोकणाबाहेरच्यांसाठी सांगते, तिथलं मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे, त्यामुळे पुढचं काही बोलायची गरज पडत नाही.)

हे आपोआप जातं का? आणि अशा अवस्थेत दुसरं मूल होऊ द्यावं का?

नाना_पोफळी

ताई, राग मानू नका. आमच्या आईची सात बाळंतपणं घरातच झाली, तिला असलं काही झालं नाही. रवळनाथाला गाऱ्हाणं घाला आणि मन कामात गुंतवा.

उपकेंद्रातली_सिस्टर

नाना, गाऱ्हाणं जरूर घालू. पण तुमच्या आईला कोणी विचारलं होतं का कधी?

आगळवाली ताई, मी नर्स आहे, बाळंतपणं करता करता केस पिकले. निदान डॉक्टर करतील, पण तुम्ही लिहिलंय ते वाचून ते बहुतेक पीटीएसडी म्हणतील, म्हणजे जबर धक्क्यानंतर मागे राहिलेला ताण. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांनी हा आजार आपल्या यादीत घेतला तेव्हा सगळ्यांच्या डोळ्यासमोर व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. बाळंतिणीलाही तो होतो हे पटायला पुढे बराच काळ गेला. जगभरचे अभ्यास एकत्र करून पाहिले तर १०० बाळंतिणींमागे ३-४ जणींना होतो, आणि ज्यांचं बाळंतपण जिवावर बेतलं वगैरे, त्यांच्यात १५ ते १९ जणींना. तेव्हा तुम्ही काही जगावेगळ्या नाही.

पाणी ओघळलं की तो प्रसंग जसाच्या तसा अंगावर येतो, तो रस्ता टाळता, नाकाशी बोट धरून जागता. महिन्याच्या वर हे टिकलं की आजार म्हणून बघायचं, आणि तुमचं तर वर्षानुवर्षं चाललंय. पहिल्या काही महिन्यांत काहीजणींचं आपोआप निवळतं. इतकं मुरलेलं आपोआप जाईल म्हणून वाट बघत बसू नका.

तो दहा प्रश्नांचा कागद मलाही पाठ आहे. १९८७ सालचा, एडिंबराचा. चांगला आहे, पण तो उदासीनता ओळखायला केलाय. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यापुढे येतो का, हा प्रश्नच त्यात नाही. तुम्ही पास होणारच. आमच्या आशाताईंच्या नवजात भेटीही ४२व्या दिवशी संपतात, त्यापुढे जातात त्या बाळाचं वजन आणि आहार बघायला. आईकडे बघायला म्हणून कोणी जात नाही, हे मी आमच्या मीटिंगमध्येही बोलते आणि कोणाला आवडत नाही.

उपचार आहे. त्या आठवणीवरच काम करणारं समुपदेशन असतं, साधारण ८ ते १२ बैठका. ईएमडीआर नावाचीही एक पद्धत आहे, तिच्यात डोळे एका लयीत इकडून तिकडे फिरवत आठवण थोडी थोडी हाताळतात. गरज पडली तर गोळ्या. पण पहिल्याच दिवशी कोणी "सगळं एकदम ओकून टाक, मोकळी हो" म्हणालं तर सरळ नको म्हणा. एका बैठकीत सगळं उकरल्याने गुण येत नाही, कधी त्रास वाढतो.

१४४१६ वर फोन लावा. टेली-मानस, सरकारी, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट, रात्री-अपरात्री कधीही, मराठीत. शिवाय ओरोसला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी आहे. सासूबाईंना सांगा, ओरोसच्या पुढे कोणी नेत नाही.

दुसऱ्या मुलाचं तुम्ही दोघांनी ठरवायचं, घाई नको. एकदा असं रक्त गेलं की पुढच्या खेपेला तसं होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. तेव्हा नाव घालायचं तेच मुळी रक्तपेढी असलेल्या ठिकाणी, हिमोग्लोबिन आधीपासून वर ठेवायचं आणि शेवटचे दिवस हॉस्पिटलच्या जवळ काढायचे.

गुहागरकरीण

माझं सिझर भूल पुरती चढायच्या आतच सुरू केलं होतं. पुढे कात्र्या-चिमटे ट्रेमध्ये टाकल्याचा आवाज डोक्यातून जाईना. घरात कोणी ताट आपटलं की मी अंगणात. चिपळूणला एका बाईंकडे जात होते, त्यांनी गृहपाठ दिला: आधी मी स्वतः चमचा ताटलीत टाकायचा. जमलं की नवऱ्याने टाकायचा, मी बघत असताना. मग माझी पाठ असताना. शेवटी मला न सांगता, दिवसात कधीही. त्या काळात आम्ही खूप भांडलो, ते जाऊ दे.

दुसऱ्या वेळी सहाव्या महिन्यातच डॉक्टरांना कागद लिहून दिला. हात लावायच्या आधी सांगा, काय चाललंय ते मलाच सांगा, बहीण आत राहील. सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एक बाईमाणूस थांबू द्यावं अशी केंद्राची २०१६ ची सूचनाच आहे, तिचं नाव घेतलं की कोणी फारसं अडवत नाही. भुलीच्या डॉक्टरांनी बर्फाचा तुकडा फिरवून मला तीनदा विचारलं, "गार लागतंय का?" तेवढ्यानेच अर्धं भागलं.

पूर्ण गेलं का, तर नाही. लग्नात पंगतीची भांडी खणखणली की छातीत धडधडतं. पण उठून जात नाही, भात वाढून घेते.

आगळवाली, देवगड

काल मुलगी झोपल्यावर १४४१६ लावला. पलीकडच्या बाईंना पाण्याचं सांगितलं, तर त्या हसल्या नाहीत. लगेच विचारलं, "कोमट चालतं का? पावलांवर घेतलं तर?" असं मला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. पावलांवर चालतं, आज घेऊन बघितलं.

नवऱ्याला हे सगळं वाचायला दिलं. तो म्हणाला, त्या रात्री भावाच्या गाडीतून मागे येताना पावसात गोव्याच्या हद्दीवर, पत्रादेवीला, १०८ दिसेनाशी झाली, तेव्हा सगळं संपलं असंच तो धरून चालला होता. हे तो माझ्याकडे पहिल्यांदाच बोलला. सिस्टर, ओरोसला तोही येऊ शकतो का? आणि त्यालाही दाखवायचं झालं तर?

उपकेंद्रातली_सिस्टर

यायलाच हवा. बाळंतपण बघून बाप्यांनाही हा त्रास होतो, त्याचा वेगळा केसपेपर काढा. ओपीडीचा वार आधी फोन करून विचारा आणि सकाळी लवकर निघा, केसपेपरच्या रांगेतच वेळ जातो. बांबोळीचं डिस्चार्ज कार्ड असेल तर आणा. नसेल तर त्यावाचून अडून बसू नका.