स्वरयंत्र काढलंय, बोलण्यासाठी वॉल्व्ह बसवलाय, पण आवाज अडकतो. बोटॉक्सचा कुणाला अनुभव?

माणदेशी_लेक:
नमस्कार, माझ्या आण्णांचं (वय ६४) कॅन्सरमुळे स्वरयंत्र पूर्ण काढलं, नंतर ३० शेक (रेडिएशन) झाले. वॉल्व्ह ऑपरेशनच्या वेळीच बसवला होता. आता ८ महिने होत आले, पण गळ्याच्या भोकावर अंगठा ठेवून बोलायला गेले की "एक, दो" एवढंच येतं आणि पुढे आवाज कोंडतो, मान लाल होते, शिरा तटतटतात, मग पोट फुगतं आणि ढेकरा सुरू. जेवण मात्र व्यवस्थित आहे, कालवणात भाकरी कुस्करून नीट खातात. आम्ही घरचे सगळे आपले "आण्णा जोर लावा" म्हणत बसतो, शेवटी ते पाटी ओढून घेतात. परवा नातीचा फोन आला, "आजोबा बोला ना" म्हणाली, तर त्यांनी फोनवर नखाने टकटक केलं आणि फोन माझ्या हातात दिला. डॉक्टर म्हणतात स्नायू आवळतायत, बोटॉक्स देऊ. पण ते सुरकुत्यांचं इंजेक्शन ना? आणि विष असतं म्हणे. घ्यावं का?

वाचा_थेरपी:
ताई, मी स्पीच थेरपिस्ट आहे, असे पेशंट रोज बघते. पहिलं म्हणजे "जोर लावा" आजपासून बंद करा प्लीज. वॉल्व्हमधून फुप्फुसातली हवा अन्ननलिकेत जाते आणि तिथला वरचा भाग थरथरून आवाज होतो. त्यांचा तोच भाग हवा आली की मुठीसारखा आवळतो, वर वाट नाही म्हणून हवा पोटात उतरते. जेवढा जोर लावतील तेवढा तो जास्त आवळतो, आण्णांचं काही चुकत नाहीये. अंगठाही हलकाच ठेवायचा, दाबायचा नाही.
बोटॉक्स म्हणजे तेच सुरकुत्यांचं औषध, बरोबर, पण इथे ठरावीक स्नायूत मोजके युनिट देऊन तो सैल करतात. मात्र आधी खात्री करून घ्या. बेरियम पाजून एक्सरेच्या पडद्यावर बोलताना बघतात, कुठे आवळतं ते स्पष्ट दिसतं. किंवा मानेत लिग्नोकेन देऊन त्या स्नायूच्या नसा तेवढ्यापुरत्या बधिर करतात, तेव्हा जर आवाज मोकळा झाला तर रोग स्नायूचाच. वॉल्व्हसुद्धा तपासायला सांगा, बुरशी धरली किंवा साइज चुकला तरी आवाज अडतो.

गिरणगावचा_काका:
पोरी, माझं स्वरयंत्र काढून ६ वर्षं झाली. मलाही हेच झालं होतं, मी तर वॉल्व्ह काढूनच टाका म्हणालो होतो. सुई मानेतून दिली, आत जागा बरोबर सापडावी म्हणून मशीनवर स्नायूचा आवाज ऐकत होते. दुखलं थोडं. चार दिवस काहीच नाही आणि मी घरी चिडचिड केली, मग आठव्या दिवशी सकाळी चहा मागितला तर अख्खं वाक्य आलं, बायको गॅस तसाच ठेवून बाहेर आली. गिळताना काही दिवस ठसका लागायचा, तो गेला. औषधाचा असर ३-४ महिने म्हणतात, मला दुसऱ्यांदा घ्यावं लागलं, त्यानंतर नाही, कारण मधल्या काळात थेरपी सोडली नाही. इंजेक्शन दिलं आणि घरी बसलं असं करू नका.

सांगलीकर८१:
आमच्या मामांना स्पाझम (स्नायू आवळणं) समजून बरेच दिवस गेले, निघालं वेगळंच, शेकानंतर अन्ननलिका आकसली होती. पण त्यांना घासही अडकायचा. त्यांची नळी दुर्बिणीतून रुंद केली. तुमचं जेवण ठीक आहे म्हणजे हे नसावं, तरी बेरियम कराच.

माणदेशी_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचं लिहिलेलं आण्णांना वाचून दाखवलं, त्यांनी पाटीवर लिहिलं "चहा कितव्या दिवशी?" मी म्हटलं आठव्या. आज कोणी जोर लावा म्हणालं नाही, हलका अंगठा ठेवून "तीन" पर्यंत आले. बेरियमची तारीख गुरुवारची मिळालीय. काका, इंजेक्शनच्या दिवशी उपाशीपोटी जावं लागतं का?

गिरणगावचा_काका:
मला काही तास आधीपासून खाऊ नका सांगितलं होतं, तुमच्या डॉक्टरांना विचारून घे. पाटी सोबत ने, त्या दिवशी लागते.